हिशेबकाका

मोटेलच्या एका रात्रीचे शंभर-सव्वाशे डॉलर वाचावेत म्हणून हिशेबकाकांनी ४८ हजार डॉलरची गाडी घेतली, ही गोष्ट न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाच्या रांगेत हमखास निघते. लोक हसतात, तेवढ्यात ताटात अळूची भाजी पडते आणि विषय अळूच्या खाजेवर जातो. या घाईत काकांवर अन्याय होतो. काकांनी गाडी लहर आली म्हणून घेतलेली नाही. घेण्याआधी वर्षभर ते एक्सेलची शीट भरत होते आणि त्या शीटमध्ये बेरीज-वजाबाकी एका ठिकाणीही चुकलेली नव्हती.

मुळात काका चिक्कू नाहीत, हे आधी सांगायला हवं. चिक्कू माणसाच्या हातून पैसा सुटत नाही. काकांच्या हातून तो सहज सुटतो, फक्त दर कमी पडला पाहिजे. दोन पौंड भेंडी हवी असताना ते अख्खा खोका उचलून आणतात, उरलेली भेंडी चार घरी वाटतात आणि वाटताना पौंडाला किती पडली ते प्रत्येक दारात सांगतात. गॅलनमागे चार सेंट कमी म्हणून सात मैलांवरच्या पंपावर जाऊन, इंजिन चालू ठेवून, वीस मिनिटं रांगेत उभे राहतात. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांसाठीचा आजन्म पास २८ ऑगस्ट २०१७ रोजी दहा डॉलरवरून ऐंशीवर गेला, आणि काकांना बासष्ट पूर्ण झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. आईवडिलांबद्दल काका एरवी कधी वावगं बोलत नाहीत, पण जन्मवेळेबाबत त्यांची तक्रार आहे. पास मात्र घेतलाच. "नव्वदीपर्यंत जगलो तर वर्षाला तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत," म्हणाले. तेव्हापासून रोज पहाटे चालायला जातात. दर खाली आणायचा आहे.

मोटेलशी त्यांचं वैर जुनं. काउंटरवर ते आधी मोटार क्लबचं कार्ड टाकतात, मग निवृत्तांच्या संघटनेचं, आणि दोन्ही चालली नाहीत तर शेवटी "केम छो". अमेरिकेतली निम्म्याहून अधिक हॉटेलं-मोटेलं भारतीय वंशाच्या मालकांची, त्यांतही गुजराती मंडळी जास्त, त्यामुळे हा तिसरा पत्ता पुष्कळदा चालतो. दहा टक्के सुटतात. पण सुटलेले दहा काकांना दिसत नाहीत, गेलेले नव्वद दिसतात. "आठ तास डोळे मिटून पडायचं, त्याचे शंभर डॉलर. तासाला साडेबारा! माझ्या पहिल्या नोकरीत जागं राहून एवढे मिळत नव्हते."

ठिणगी पडली ती ओहायोत. काकूंनी खोलीतल्या टेबलावर विजेची शेगडी मांडून पिठल्याला फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही ओरडला, की वरच्या मजल्यावरची कॉलेजची हॉकी टीम पायमोज्यांवर पार्किंगमध्ये उतरली. मालकाने खोलीच्या भाड्याइतकाच दंड लावला. त्या रात्री खिडक्या उघड्या टाकून, थंडीत कुडकुडत, काकांनी गार पिठलं खाल्लं आणि पुढच्या प्रवासाला स्वतःचं स्वयंपाकघर बरोबर न्यायचं ठरवलं.

अमेरिकेत या चाकांवरच्या घराला सगळे आरव्ही म्हणतात. मागे पलंग, मध्ये ओटा, फ्रिज आणि जेवायचं टेबल, कपाटाएवढं न्हाणीघर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर नातवंडांसाठी माळा. काकांची गाडी पंचवीस फुटी, एका मालकाने वापरलेली. आरव्हीची सहल मोटेलपेक्षा स्वस्त पडते असं सांगणारे अहवाल आहेत. ते आरव्हीवाल्यांच्याच संघटनांनी करवून घेतलेले आहेत. मिठाईवाल्याला साखरेचे गुण विचारावेत तसं. काकांनी ते अहवाल छापून, भोकं पाडून, फायलीत लावले.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! गाडीत झोपायची, रांधायची आणि संडासची सोय असेल तर इथलं आयकर खातं तिला घर मानतं आणि दुसऱ्या घराच्या कर्जावरचं व्याज उत्पन्नातून वजा करू देतं, असा शोध त्यांना लागला. मग बँकेत रोख रक्कम असताना काकांनी व्याज वजा करता यावं म्हणून कर्ज काढलं. एप्रिलमध्ये टॅक्स भरायला बसल्यावर दिसलं, की २०१८ पासून सरसकट मिळणारी वजावट जवळजवळ दुप्पट झाली आहे आणि काकांचं व्याज, घरपट्टी, देणग्या सगळं मिळूनही तिच्याइतकं होत नाही. म्हणजे व्याजाची सवलत कागदावर आणि व्याज मात्र बँकेला. त्याच महिन्यात सोसायटीची नोटीस आली, की अशी गाडी घरासमोर उभी करता येणार नाही. आता ती गावाबाहेर कुंपण घातलेल्या जागेत महिना ११० डॉलर भाड्याने राहते. काकांच्या घराचं कर्ज केव्हाच फिटलंय. गाडी भाडेकरू आहे. थंडी पडायच्या आत तिच्या नळ्यांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर नळ्या फुटतात. टायर सहा, आणि ते झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरी करकरीत असली तरी सहा-सात वर्षांनी बदलायचे. हे सगळे खर्च काका 'इतर' या सदरात टाकतात. 'इतर'ची बेरीज त्यांच्या शीटमध्ये नाही.

मोठ्या प्रवासाआधी रंगीत तालीम म्हणून काका आम्हाला पोकोनोच्या डोंगरात घेऊन गेले. संध्याकाळ छान गेली, हे मान्य करतो. झाडाखाली खुर्च्या, काकूंची कांदाभजी, वाफाळता चहा, आणि भोंगा वाजायची भीती नाही. सकाळी निघताना डंप स्टेशन आलं. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात. ब्लॅक टँकमध्ये संडासचं जातं, ग्रे टँकमध्ये मोरीचं आणि भांड्यांचं. दोन्ही आपल्या हातांनी रिकाम्या करायच्या. मुलं लहान असताना डायपर बदलायची वेळ आली की ज्यांना हटकून ऑफिसचा फोन आठवायचा, ते काका निळे हातमोजे चढवून, मनगटाएवढी जाड नळी खांद्यावर टाकून उतरले. आधी ब्लॅकचा खटका ओढायचा, मग ग्रेचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हा क्रम त्यांनी मला दोनदा समजावला. नळीचं दुसरं टोक जमिनीतल्या भोकात बुटाने दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. मागे तीन आरव्ही नंबर लावून उभ्या होत्या आणि पहिलीतल्या बाई कॉफी पीत आमच्याकडे बघत होत्या. काकांनी खटका ओढला. नळीला लागलेल्या कोपरासारख्या पारदर्शक तुकड्यातून काय चाललंय ते दिसत होतं. तो मुद्दाम पारदर्शक करणाऱ्याला मी आजवर माफ केलेलं नाही.

"मोटेलात या कामाचेही पैसे आपल्या बिलात धरलेले असतात," नळीतल्या आवाजाचा कानोसा घेत काका म्हणाले.

धरू देत, असं मी मनात म्हटलं.

खरा प्रवास झाला तो गेल्या उन्हाळ्यात. न्यू जर्सीहून यलोस्टोन, आडवाटा धरून जाऊन-येऊन ५,००० मैल आणि १८ रात्री. इंडियानात एल्कहार्ट लागलं. देशातल्या बहुतेक आरव्ही त्याच परिसरात बनतात, तिथे आरव्हीचं संग्रहालयही आहे. काका तिथे असे हात जोडून फिरले, की काकूंना देवळाबाहेर चपला काढून ठेवल्यासारखं वाटलं. पुढे सपाट मुलूख आणि समोरून वारा. गाडी गॅलनला आठ मैल देत होती. घरची कॅमरी बत्तीस देते. काका ताशी साठच्या वर जात नव्हते. काकूंची अडचण वेगळीच. हलत्या गाडीत विरजण नीट लागेना. रात्री लावलेलं दही दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर ताक झालेलं, वर लोण्याचा गोळा. काकांनी त्याचीही नोंद केली: 'घुसळण, वीज शून्य.'

चार रात्री त्यांनी वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये काढल्या. पुष्कळ ठिकाणी तिथला मॅनेजर आरव्हीवाल्यांना रात्री फुकट राहू देतो. आधी जाऊन विचारायचं, एवढीच रीत. काकांच्या दृष्टीने हा कल्पवृक्ष. पण रात्री आठ वाजता पार्किंगमध्ये बसून करायचं काय? काकू आत जायच्या. पहिल्या फुकट रात्री घडीच्या दोन खुर्च्या आल्या, दुसऱ्या रात्री टेबल पंखा, तिसऱ्या रात्री नातवासाठी फुगवायचा डायनोसॉर. चौथ्या रात्रीचं बिल काकांनी मला दाखवलं नाही. फुकट मुक्काम का देतात, ते वॉलमार्टला ठाऊक आहे.

साउथ डकोटात वॉल नावाचं गाव आहे. १९३१ साली तिथल्या एका औषधवाल्याने दुकान घेतलं, गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच्या बायकोने हमरस्त्यावर पाटी लावायला सांगितलं: बर्फाचं पाणी फुकट. त्या एका पाटीवर आज सबंध बाजारपेठ उभी आहे. पाणी अजून फुकट, कॉफी अजून पाच सेंट. काकांनी तिथे चार कप कॉफी घेतली. एरवी त्यांना कॉफीने पित्त होतं. तेवढ्या वेळात काकूंनी मोकासिन घेतले, हरणाचं चित्र घेतलं, सुनेला कानातलं घेतलं.

दुसऱ्या दिवशी माउंट रशमोर. डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्ष. बघायला तिकीट नाही, म्हणून काका खुशीत. दारात कळलं, की प्रवेश फुकट असला तरी पार्किंगचे दहा डॉलर आहेत आणि तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. ज्येष्ठांना पाच. आठवड्याभरात हजारभर डॉलरचं पेट्रोल जाळून आलेल्या काकांनी त्या पाच डॉलरवर दहा मिनिटं तात्त्विक चर्चा केली, मग गाडी वळवली. थोडं पुढे रस्त्याकडेला थांबायची जागा आहे, तिथून वॉशिंग्टनचा चेहरा एका बाजूने फुकट दिसतो. "चारांतला एक पाहिला," काका म्हणाले, "पंचवीस टक्के वसूल."

त्याच संध्याकाळी गारपीट झाली. तिकडची गार लिंबाएवढी असते. न्हाणीघराच्या छतावरचं प्लॅस्टिकचं झाकण फुटलं आणि पाणी कमोडवरून वाहत पलंगापर्यंत आलं. काकूंनी एक पिशवी भरली, दार उघडलं आणि रस्त्यापलीकडच्या मोटेलकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. काकांनी गाडी पलीकडे नेऊन पार्किंगच्या चार जागा अडवून लावली. काउंटरवर विशीतली गुजराती मुलगी होती. मोटार क्लब, निवृत्तांचं कार्ड, "केम छो", तिन्ही पत्ते पडले. तिसऱ्यावर ती गोड हसली आणि अस्सल अमेरिकन उच्चारात १२९ अधिक टॅक्स म्हणाली. त्या रात्री काकू अर्धा तास गरम पाण्याखाली उभ्या राहिल्या. गाडीतला बंब सहा गॅलनचा, त्यामुळे अंग भिजवलं की नळ बंद, साबण लावायचा, मग परत नळ, असा काकांचा नियम होता. काका नऊ तास घोरले. सकाळी वॉफल खाल्लं, चार केळी कागदी रुमालात बांधून घेतली.

यात काकांनी ओशाळायचं कारण नाही. जॉन स्टाइनबेक १९६० साली ट्रकवर खोली बसवून, तिला रोसिनांते असं नाव देऊन, चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देश बघायला निघाला आणि त्यावर त्याने गाजलेलं पुस्तक लिहिलं. पुढे एका पत्रकाराने त्याच्या प्रवासाचा माग काढला, तर साहेब कितीतरी रात्री चक्क हॉटेलांत आणि मोटेलांत झोपलेले निघाले. काकांनी निदान १२९ डॉलरची नोंद केली. 'गाडी-दुरुस्ती' या खात्यात. मोटेलच्या रकान्यात शून्यच आहे.

परत आल्यावर त्यांनी मला शीट दाखवायला बोलावलं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, काकू पलीकडे गवार मोडत. मोटेलच्या १८ रात्रींचे ११० प्रमाणे १,९८० झाले असते. त्याऐवजी कँपग्राउंडचे १३ रात्रींचे ७८० गेले. वाचले १,२००. शिवाय बाहेरचं जेवण वाचलं, दिवसाला ६० प्रमाणे १,०८०. एकूण बचत २,२८०. काकांनी आकडा हिरव्या रंगात केला होता.

"आपण बाहेर जेवलो असतो कधी?" काकूंनी गवारीवरून मान न उचलता विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. ही दोघं अमेरिकेत आल्यापासून दशम्या, लसणीची चटणी आणि कुकर बरोबर घेतल्याशिवाय गावाबाहेर पडलेली नाहीत. आरव्हीच्या बाजूचे सगळे हिशेब हॉटेलात तीन वेळा जेवणाऱ्या माणसाला धरून मांडलेले असतात. मराठी माणसाची ती बचत कधीच झालेली असते. मी ते १,०८० काढायला सांगितले. मग पेट्रोल विचारलं. ते 'इतर'मध्ये होतं. गॅलनला साडेतीन डॉलरने आरव्हीचे सुमारे २,१९०, कॅमरीचे झाले असते ५५०. जास्तीचे १,६४०. बचत १,२००. म्हणजे व्याज, विमा, भाडं, टायर काहीही न धरता ४४० डॉलर अंगावर. काकांनी हिरवा रंग काढला, पण लाल केला नाही, काळा ठेवला.

"आणि घसारा?" मी विचारलं. विचारायला नको होतं. चार वर्षांपूर्वी ४८ हजारांना घेतलेल्या गाडीचे डीलर आता ३१ देतो. वर्षाला ४,२५०. काका वर्षात फार तर तीस रात्री गाडीत झोपतात. त्यांनी स्वतःच भागाकार केला. रात्रीला जवळजवळ १४२ डॉलर. गाडी जागेवरून हलायच्या आतच ती मोटेलपेक्षा महाग.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, आता गाडी विकायचा विषय निघणार.

"म्हणजे आपण कमी जातो," ते म्हणाले. "तीनशे रात्री राहिलो तर चौदा डॉलर!"

यलोस्टोनच्या वाटेवर त्यांना एक अमेरिकन जोडपं भेटलं होतं. घर विकून बारा महिने आरव्हीत राहणारं. कागदोपत्री मुक्काम साउथ डकोटात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही, आणि अशा फिरस्त्यांना तिथला ड्रायव्हिंग लायसन्स त्या राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवून मिळतो. न्यू जर्सीची घरपट्टी देशात सगळ्यांत जास्त. काकांनी नवी शीट उघडली. पहिल्या ओळीत घरपट्टी, दुसरीत राज्याचा कर, तिसरीत सोसायटीचं वर्षाचं शुल्क. हिरवा रंग भराभर चढू लागला. शिवाय पावतीही तयार होतीच, गारपिटीच्या रात्रीची.

"तुम्ही जा," काकू म्हणाल्या. "मी महिन्यातून एकदा भेटायला येईन. मोटेलात उतरेन."

वाचकहो, आईवडील, पोरं धरून पाच-सहाजण असाल, दोन खोल्या घ्याव्या लागत असतील, आणि एकाच जागी आठवडाभर तळ ठोकायचा असेल, तर आरव्ही भाड्याने घेऊन बघायला हरकत नाही. मैलाचे पैसे वेगळे लावतात का, तेवढं आधी विचारा. दोघंच असाल तर सरळ आपल्या मोटारीने जा, मोटेलात उतरा, दशम्या बरोबर घ्या, फोडणी मात्र देऊ नका. आणि माउंट रशमोरला गेलात तर पार्किंगचे पैसे भरा. चारही अध्यक्ष समोरून चांगले दिसतात.